चाकण विरुद्ध रांजणगाव, मुक्काम माहूर

आमच्या नांदेड जिल्ह्यात नवी गाडी घेतली की पहिला मान माहूरचा. शोरूममधून किल्ली हातात पडली की गाडी घरच्या म्हाताऱ्या माणसांना उचलून घेण्यापुरती दारात थांबते आणि मग थेट रेणुकामातेच्या पायथ्याशी येते. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, वायपरला झेंडूचा हार, पुढ्यात नारळ आणि चाकांखाली लिंबू. गाडी बोलेरो असो, स्कॉर्पिओ असो, नाहीतर कापसाच्या पैशातून घेतलेला ट्रॅक्टर असो, विधी तोच. त्यानंतर भोवती जमलेल्या मंडळींचे प्रश्नही ठरलेले. बसायला किती? ॲव्हरेज किती? आणि तिसरा, जरा आवाज खाली आणून, ऑनरोड कितीला पडली?

या तिन्ही प्रश्नांना ज्यांच्या मालकांची पंचाईत होते अशा दोन गाड्या आमच्या नात्यात आहेत. एक दाजींची, दुसरी माझ्या आतेभावाची. दोन्ही आखूड शेपटाच्या, दोन्ही पेट्रोल, दोन्ही टर्बो, दोन्हींना नावं युरोपातली आणि दोन्ही आता बंद. बंद म्हणजे कंपनीनं बंद केलेल्या. रस्त्यात बंद पडलेल्या नव्हेत, हा खुलासा दोघंही न विचारता करतात.

दाजींकडं फोक्सवॅगन पोलो, तीही साधी नव्हे, जीटी टीएसआय. 2013 साली ती आली तेव्हा किंमत आठ लाखांना जेमतेम कमी. 1197 सीसीचं चार सिलिंडरांचं इंजिन, 105 अश्वशक्ती आणि सात गिअरचा डीएसजी नावाचा आपोआप गिअर बदलणारा डबा. आतेभावाकडं अबार्थ पुंटो. ती 2015 च्या ऑक्टोबरात आली. 1368 सीसी, 145 अश्वशक्ती, पाच गिअर, तेही हातानं टाकायचे, आणि किंमत दहा लाखांना पाच हजार कमी. शून्यापासून शंभरच्या वेगाला जायला कंपनीच्या सांगण्यानुसार 8.8 सेकंद. हा आकडा आतेभाऊ दशांशासकट सांगतो. बाकी कुठलाच आकडा, विशेषतः पेट्रोलचा, तो दशांशासकट सांगत नाही.

जर्मनी विरुद्ध इटली म्हणून हा सामना आमच्या घरी दिवाळी-दसऱ्याला रंगतो. प्रत्यक्षात पोलो चाकणच्या कारखान्यातली आणि अबार्थ रांजणगावच्या. एकीचं माहेर कांद्याच्या बाजारासाठी नावाजलेलं, दुसरीचं अष्टविनायकातल्या महागणपतीसाठी. म्हणजे मुळात हा सामना खेड तालुका विरुद्ध शिरूर तालुका असाच आहे. पण असं म्हटलं की दोघंही एकाच वेळी माझ्यावर नाराज होतात. दोघांचं एकमत व्हायचा तो एकमेव प्रसंग.

तिकडं युरोपात हे भांडण फार जुनं. घरच्या बाईनं भाजी आणायला न्यावी अशा छोट्या गाडीत शर्यतीला शोभेल असं इंजिन बसवायचं, ही कल्पना 1976 च्या गोल्फ जीटीआयनं रुजवली. कंपनीचा अंदाज होता पाच हजार खपतील. पहिल्या पिढीच्याच चार लाखांवर खपल्या. पुढं 1985 मध्ये रेनॉनं पाच नंबरच्या गाडीला टर्बो लावून जीटी टर्बो काढली आणि त्याच वर्षी फियाटनं उनो टर्बो. आज त्या दोन्ही गाड्यांच्या वेडानं पछाडलेली माणसं तिकडं गंजलेल्या पत्र्यावरून आणि मूळ रंगाच्या सीटवरून एकमेकांशी हुज्जत घालतात. लान्सिया डेल्टा तर 1987 पासून 1992 पर्यंत सलग सहा वर्षं जागतिक रॅलीतलं कंपन्यांचं अजिंक्यपद घेऊन बसली होती. तिची आजची किंमत ऐकली की माणूस शेतीचे भाव विचारू लागतो.

आपल्याकडं त्याच काळात वाद होता तो फियाट की अँबेसिडर, एवढाच. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्यातली फियाट पुढं पद्मिनी झाली, मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी झाली, आणि तिची शेवटची टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. नांदेडला डॉक्टर आणि वकील मंडळींकडं पद्मिनी असायची. त्यामुळं आतेभावानं अबार्थ आणली तेव्हा गल्लीतले एक निवृत्त गृहस्थ फियाट हे नाव ऐकूनच गहिवरले, जवळ आले, आणि पहिला प्रश्न केला, "स्टेअरिंगचा गिअर काऊन काढला?"

अबार्थ हे खरं तर माणसाचं आडनाव. कार्लो अबार्थ 1908 च्या नोव्हेंबरात व्हिएन्नात जन्मला आणि 1949 मध्ये त्यानं इटलीत स्वतःची कंपनी काढली. साध्यासुध्या फियाट घ्यायच्या आणि त्यांना तिखट करायचं, हा धंदा. रास वृश्चिक, म्हणून चिन्ह विंचू. 1971 मध्ये फियाटनं कंपनीच विकत घेतली. या गृहस्थाबद्दल आतेभाऊ एक गोष्ट हमखास सांगतो. विक्रमासाठी बनवलेल्या एका चिंचोळ्या गाडीत आपण मावत नाही म्हणून अबार्थनं 1965 साली, पन्नाशी उलटून गेल्यावर, सफरचंदं खाऊन 30 किलो वजन उतरवलं. ही गोष्ट तो बहुधा चतुर्थीला सांगतो, साबुदाण्याच्या खिचडीवर आणखी थोडं दही घालून घेता घेता.

आत्याला हा विंचू पहिल्या दिवसापासून खटकला. गाडीच्या नाकावर विंचू, मागच्या दारावर विंचू, चाकांच्या मधोमध विंचू. "घरात निघाला तर चपलीनं ठेचायचा आणि दारात दहा लाखाचा आणून ठेवायचा, ह्याला काय म्हणावं?" असं तिनं विचारलं. घरातल्या कुणाकडंही यावर उत्तर नव्हतं. नाथांनी विंचवावर भारूड लिहिलं ते उगीच नाही, हेही तिनं ऐकवलं. माहूरला पूजा झाली तेव्हा गुरुजी स्वस्तिक काढत असतानाच तिनं पुढं होऊन त्या विंचवावर कुंकवाचा असा ठसठशीत लेप दिला की इटलीचा सगळा तामसपणा त्याखाली झाकला गेला. पार्किंगमधल्या एका पोरानं ते पाहून विचारलं, "स्कॉर्पिओवाल्यांनी काढली का जी ही धाकटी?" आतेभाऊ तिकडं बघेना.

त्या दिवशीचा लिंबाचा प्रसंग मी जवळून पाहिला आहे. साधी गाडी लिंबावरून जाते तेव्हा लिंबू आधी जरा सरकतं, मग चपटं होतं आणि रस डांबरावर पसरतो. इथं पुढची चाकं ओढणारी, रुंद रबराची, फरशी नुकती धुतलेली आणि पाय उत्साहात. आतेभावानं क्लच सोडला, क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग उजवं चाक जागच्या जागी असं गरगरलं की डोळ्याला फक्त हिरवट पिवळी रेघ दिसली. लिंबू मागं उडालं आणि बांगड्यांच्या दुकानात, हिरव्या चुड्याच्या खोक्यावर जाऊन बसलं. अख्खं. एका बाजूनं नुसतं साल खरवडलेलं. बांगडीवाल्या बाईंनी ते उचललं, पदराला पुसलं आणि परत आणून दिलं. दुसऱ्या खेपेला गाडी चौघांनी ढकलून लिंबावरून नेली.

दाजींच्या पोलोचं वेगळं. त्यांच्या डीएसजीत दोन क्लच. एक गिअर चालू असताना पुढचा तयार ठेवलेला असतो, त्यामुळं बदल झाल्याचं कळतसुद्धा नाही. त्यांच्या वेळी लिंबू इतक्या सभ्यपणे दबलं होतं की बिया आतच राहिल्या. हे ते अजून सांगतात.

"सात गिअर आहेत, आपोआप पडतात. तुझ्या गाडीला पाच," दाजी म्हणतात.

"माझे मी टाकतो, दाजी. मी जेवतो पण माझ्या हातानंच."

टर्बो ही चीज आमच्या भागाला नवी नाही. ट्रकच्या पाठीवर ते नाव आम्ही लहानपणापासून वाचत आलो. गंमत त्याच्या कामात आहे. एरवी सायलेन्सरमधून वाया जाणारा तापलेला धूर एका चिमुकल्या पंख्यावर सोडायचा. तो पंखा मिनिटाला लाखावर फेऱ्या घेतो आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. पण धूर साचून पंखा वेगात यायला थोडा अवधी लागतो, आणि टर्बोच्या गाडीचा सगळा स्वभाव त्या अवधीत आहे. जेवायला बसलेला नवा जावई पहिल्या दोन आग्रहांना नको-नको म्हणतो आणि तिसऱ्याला अख्खी परात संपवतो, तसं हे. पोलोचा टर्बो लहान, त्यामुळं इंजिनाच्या दीड हजार फेऱ्यांपासूनच तो कामाला लागतो आणि भार कधी उचलला हे कळू देत नाही. अबार्थ दोन हजारांपर्यंत सुस्त असते आणि मग एकदम मागून कुणीतरी ढकलल्यासारखी निघते. दाजींच्या मते हा दोष आहे. आतेभावाच्या मते गाडी घ्यायचं कारण हेच आहे. माझ्या मते दोघंही खरं बोलतात, म्हणून तर भांडण मिटत नाही.

टर्बोवाल्यांचा एक नेमही आहे. घाट चढून आलं की लगेच किल्ली फिरवायची नाही. पंखा तापलेला असतो, इंजिन बंद केलं की त्याला मिळणारं तेलही थांबतं. म्हणून मिनिटभर गाडी तशीच चालू ठेवायची. ट्रकवाले हे पूर्वापार करत आले. पण गडावरच्या पार्किंगमध्ये चकाचक छोटी गाडी उभी करून माणूस आत नुसता बसून राहिला की लोकांना संशय येतो. पावती फाडणारा बॉनेटवर थाप मारून म्हणतो, "बंद करा ना जी, देवीच्या दारात आलात." आतेभाऊ काचेतून हात जोडतो आणि घड्याळाकडं बघत राहतो.

आता राहिला घाट. माहूर गावातून देवीच्या पायऱ्यांपर्यंत आणि तिथून पुढं दत्तशिखराकडं, अनसूयेकडं जाणारा रस्ता सागाच्या जंगलातून वळणं घेत चढतो. दोन्ही गाड्यांची खरी परीक्षा घ्यायची तर आमच्या टापूत याहून चांगली जागा नाही, असं दोघांनीही मान्य करून टाकलंय. वळणात पोलोचं स्टेअरिंग हलकं, अबार्थचं जड, तेलाच्या दाबावर चालणारं, त्यामुळं चाकाखाली काय आहे ते तळहाताला सांगणारं. चढावर पोलो नम्र, अबार्थ हट्टी. हे सगळं वाचून आणि ऐकून मला माहीत आहे. पाहायला कधी मिळालं नाही. कारण घाटात पुढं एसटी असते. नवरात्रात खासगी गाड्या खालीच अडवतात, तेव्हा एसटीत बसून जायचं. इतर दिवशी एसटीच्या मागून. 145 अश्वशक्ती आणि 105 अश्वशक्ती, दोन्ही लाल बसच्या मागं बैलगाडीच्या वेगानं वर येतात. त्या चालीत डीएसजीचा पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जीव वरखाली होत राहतो, कोरडे क्लच तापतील म्हणून दाजी कासावीस होतात. आतेभावाचा डावा गुडघा धरतो, कारण क्लच कडक आणि त्या पायाला टेकायला धड जागा नाही. वर पोहोचल्यावर दोघंही एकाच वेळी उतरतात. एक गिअरच्या डब्याची काळजी करत, दुसरा गुडघा चोळत. एसटीचा ड्रायव्हर मात्र खिडकीतून पान थुंकून ताजातवाना.

दत्तप्रभूंचा नेम असा सांगतात की स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला आणि निद्रा माहूरला. रोज. आतेभाऊ शिखराकडं बघून म्हणतो, "एवढा पल्ला, पण त्यांना कुणी ॲव्हरेज विचारलं नाही बघा, दादा."

ॲव्हरेजचंच तर सगळं आहे. आमच्याकडं माणूस गाडी घेताना विकायचा विचार आधी करतो, आणि त्यात काही चूक नाही. पुढचं पीक कसं येईल ते कुणाच्या हातात असतं? अबार्थ या हिशेबात कुठंच बसली नाही. चार मीटरच्या आतली गाडी आणि 1200 सीसीच्या आतलं पेट्रोल इंजिन, असं दोन्ही जमलं तर सरकार कर कमी घेतं. पोलोचं इंजिन त्या रेघेच्या तीन सीसी अलीकडं थांबलं. अबार्थचं 168 सीसी पलीकडं गेलं. गाडी लहान, कर मोठ्या गाडीचा. तेवढ्या पैशात लोकांना डिकीवाली लांब गाडी दिसत होती. त्यात फियाट म्हटलं की सर्व्हिस कुठं, पार्ट कुठं, विकताना घेणार कोण? असं म्हणणारे बरेचजण स्वतः डिझेल स्विफ्टमधून फिरत होते, आणि त्या स्विफ्टचं 1.3 लिटरचं इंजिन मुळात फियाटचंच होतं, हा भाग वेगळा. शेवटी 2019 च्या सुमारास फियाटनं इथला गाड्यांचा संसार आवरला. रांजणगावात आता जीप बनतात. पोलो 2022 पर्यंत टिकली आणि लोकांनी तिला रीतसर निरोप दिला.

जपून ठेवायला यातली कुठली, असं मला कुणी विचारलं तर मी अबार्थ म्हणेन, दाजींसमोरसुद्धा. पोलो जास्त चांगली गाडी आहे यात शंका नाही. पण ती चांगली आहे हे सगळ्यांना वेळेवर कळलं, म्हणून ती रस्त्यावर रग्गड आहे. अबार्थ दुर्मिळ झाली ती हजारो शहाण्या माणसांनी शहाणपणानं तिला नाकारली म्हणून. त्या सगळ्यांच्या व्यवहारज्ञानाचं व्याज आता आतेभावाला मिळायलंय. पुण्या-बंगळुरूची पोरं फोन करतात, फोटो मागतात, मूळ चाकं आहेत का विचारतात. पोलोत खरी दुर्मिळ हवी असेल तर 2016 ची तीन दारांची जीटीआय. भारतासाठी 99 च आणल्या, किंमत 26 लाखांच्या घरात. ती घेणाऱ्यानं माहूरला पूजा केली असेल असं वाटत नाही. केली असेल तर आत्याला भेटायला आवडेल.

आमच्या भागात संग्राहक असं काही मुद्दाम कुणी होत नाही. वाड्याच्या गोठ्यात पोत्याखाली राजदूत असते, तिच्यावर कबुतरं असतात, आणि मालक म्हणतो, "वडिलांची आहे, कशाला काढायची?" विकवलं नाही म्हणून राहिलं, असा आमचा संग्रह. आतेभावाचंही तेच. एकदा गिऱ्हाईक आलं होतं, चांगला आकडा होता. चहा झाला, आरसी बुक बाहेर आलं. आत्या आतून म्हणाली, "विंचू जायलाय का? बरं झालं." आणि याचा चेहरा पाहून तीच पुढं म्हणाली, "राहू दे. सवय झाली आता."

हौसेचा खरा खर्च मात्र पार्टचा आहे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते या गाडीनं शब्दशः खरं केलंय. डिकी उघडली की सामान ठेवायला जागा नाही. ब्रेकचे पॅड, एक जुना रेडिएटरचा पाइप, दोन फिल्टर, कुठल्या तरी लिनिया टी-जेटमधून निघालेला एक सेन्सर वर्तमानपत्रात गुंडाळलेला. लिनिया टी-जेटचं इंजिन याच घराण्यातलं, त्यामुळं कुठं लिनिया भंगारात निघाली की आतेभाऊ हळहळतो आणि लगेच पत्ता विचारतो. मिस्त्री नांदेडचा. त्यानं पहिल्यांदा बॉनेट उघडलं तेव्हा बराच वेळ हात मागं बांधून नुसता बघत राहिला, मग एका पाइपवर बोट ठेवून म्हणाला, "हे ट्रॅक्टरला असतंय, तसंच आहे." त्यानंतर गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात दिलेली नाही. दाजी यावर हसतात, पण डीएसजीच्या मेकॅट्रॉनिकचं नाव काढलं की त्यांचंही हसू मावळतं. तो भाग गेला तर दुरुस्तीच्या आकड्यात एक बरी म्हैस येते.

आतेभावाचं पुढचं गणित सरकारी नियमावर आहे. 2021 च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली गाडी विंटेज. तिला नंबरात व्ही आणि ए अशी वेगळी अक्षरं मिळतात. त्याची नोंद एमएच-26 ची, 2016 सालची, म्हणजे 2066. दाजींची पोलो 2063 मध्येच विंटेज होते, हे तीन वर्षांचं ज्येष्ठपण दाजी कधी विसरू देत नाहीत. मधे पंधरा वर्षांनी फेरनोंदणी, मग दर पाच वर्षांनी. आणि विंटेज झाल्यावरही गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. दाजी म्हणाले, "मग तुझी आत्ताच नियमात बसते. दुरुस्तीशिवाय बाहेर कुठं निघते?"

"2066 ला पेट्रोल मिळंल का पण?" आत्यानं विचारलं. यावर दोघंही एकदम गप्प झाले.

काल रात्री आतेभावाचा फोन आला. पुण्याहून टर्बोचा एक पाइप मिळालाय, ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकलाय, पहाटे नांदेडला उतरेल. गाडी त्या पाइपावाचून उभी आहे. दाजींना विचारलं, तर आभाळ भरून आलंय, पोलो नुकती पॉलिश केलीय, चिखलात काढवत नाही म्हणाले. "दादा, तुम्हीच जाऊन आणा की," तो म्हणाला. माझ्याकडं वॅगनआर आहे. पेट्रोल किती टाकू, एवढंच मी विचारलं.